चौथा टाका

लिहायला बसले की माझी भाषा अंगणवाडीच्या रजिस्टरसारखी सरळ होते आणि तोंड उघडलं की घरची निघते. इथे दोन्ही मिळतील, चालवून घ्या. मी तापट आहे हेही आधीच सांगून टाकते. आमच्या गावात रत्नमाला मॅडमकडे काम असलं की लोक आधी शेजारणीला विचारतात, आज हवा कशी आहे म्हणून.

तर त्या बुधवारी हवा चांगली होती. डिसेंबरचं मऊ ऊन ओसरीत आलं होतं, मी तांदूळ निवडत होते आणि रविवारी माझ्या पौर्णिमाचं लग्न होतं. सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. लिलाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो, बाकी सगळं मात्र कळतं.

"रत्ना, लुगड्याले ऊन दाखवलं का?" त्यांनी विचारलं.

"दाखवते ना आत्या, अजून चार दिवस हायेत."

हे लुगडं म्हणजे पांढरं सुती नऊवारी, निळ्या काठाचं. माझ्या आजेसासू रुखमाबाई छप्पन साली हेच नेसून नागपूरला दीक्षा घ्यायला गेल्या होत्या. थोडं बैलगाडीत, थोडं रेल्वेत आणि पुष्कळसं पायी. परत आल्यावर त्यांनी लुगड्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक टाका घातला. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात जी नवरी हे लुगडं नेसते, ती नेसण्याआधी त्या टाक्याशेजारी आपला एक टाका घालते. दुसरा आत्यांचा, तिसरा माझा. चौथा पौर्णिमाचा पडायचा होता. पोरगी उपकेंद्रात नर्स आहे, पगार घेते, मोबाईलवर हजार साड्या पाहते, पण लग्नात नेसायचं काय याबद्दल तिने एकदाही दुसरं नाव काढलं नव्हतं.

मी तांदूळ ठेवून आत गेले आणि लोखंडी पेटी उघडली. नेहमी ही पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि वाळल्या कडुनिंबाचा वास घरभर व्हायचा. त्या दिवशी नुसता लोखंडाचा वास आला. पेटी रिकामी होती.

मग आठवलं. दिवाळीनंतर घराला रंग दिला तेव्हा पेटी अंगणात काढली होती. लुगड्यावर चुना उडू नये म्हणून मीच ते गोळ्यांसकट एका फाटक्या साडीत बांधून माळ्यावर ठेवलं होतं. आमच्या घरची ही जुनी खोड आहे. चांगली वस्तू फाटक्यात बांधायची, म्हणजे चोराची नजर जात नाही. मी शिडी लावून माळ्यावर चढले. माळा झाडून पुसून स्वच्छ होता.

विनोद, म्हणजे पौर्णिमाचे बाबा, मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते. मी खुणेने फोन ठेवायला लावला.

"माळ्यावरचं गाठोडं कुठी हाये?"

"कोनतं? फाटक्या साड्यायचं? ते तं मंगरूळच्या तय्यबभाईचा मानूस आला होता, जुन्या साड्या जमा करत. देऊन टाकलं. तूच म्हनली होती ना, माळा मोकळा करा."

पुढचा अर्धा तास मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चोराची नजर गेली नाही, नवऱ्याची गेली, एवढं मात्र तीनदा म्हटलं. ते बिचारे फोन हातात धरून उभे राहिले. गाठोडं मी बांधलं, मीच ते सांगायला विसरले, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यामुळेच आवाज जास्त चढला.

ओसरीतून आत्यांनी विचारलं, "काय झालं वं?"

"काई नाही आत्या. मंडपवाला उशीर करून राह्यला," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी धुकं इतकं होतं की रस्त्यापलीकडचं बाभळीचं झाड दिसत नव्हतं. मी मंगरूळला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यातलं शेवटचं, मागे एक बरड आहे. बरड म्हणजे मुरमाड, खडकाळ टेकाड, त्यावर काही पिकत नाही. बरडाच्या पल्याड मानोरा तालुका लागतो, पण तिकडे जायला इकडून रस्ता नाही.

गाडी गावाबाहेर निघाली तसं दोन्ही बाजूंनी कुंपणं सुरू झाली. परक्या माणसाला आमच्या भागात हिवाळ्यात फिरताना वाटेल, इथे रानात काही समारंभ आहे. शेताभोवती बांबू रोवलेले आणि एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत जुन्या साड्या बांधलेल्या. गुलाबी, पोपटी, जांभळ्या, फुलांच्या, जरीच्या. रोही पिकात घुसू नयेत म्हणून. रोही म्हणजे नीलगाय. नाव गायीचं, अंग घोड्याचं, आणि भूक दोघांची मिळून. साडी वाऱ्यावर हलते, तिला माणसाचा वास असतो, जनावर बुजतं. धुक्यात त्या साड्या हळूहळू समोर येत होत्या आणि मागे जात होत्या, जशा बाया ओळीने उभ्या राहून कोणाची वाट पाहतात. त्यातल्या काही मी ओळखत होते. सरपंचीणबाईंची हळदीकुंकवाची जांभळी. माझी स्वतःची आंबा रंगाची, जी नेसून मी अंगणवाडीच्या मुलाखतीला गेले होते. आपलीच साडी दुसरं कोणीतरी नेसून उभं आहे असं वाटलं आणि मी तोंड फिरवलं.

तय्यबभाईंचं गोदाम दर्ग्याच्या रस्त्याला आहे. आत छतापर्यंत साड्यांचे ढीग. ढिगांच्या मधोमध त्यांची बायको अख्तरीभाभी बसली होती आणि साड्या निवडत होती. भडक आणि नायलॉनच्या कुंपणासाठी, सुती गोधड्यांसाठी, अगदी चिंध्या गॅरेजवाल्यांसाठी. मी लुगड्याचं वर्णन करताच तिचा हात थांबला.

"सफेद, नीली किनार. उसमें से गोली का बास आता था," ती म्हणाली. "मैने बाजू को रखी थी. बोली थी इनको, ये कुंपन का कपडा नहीं है, किसी का संभाल के रखा हुआ है."

तय्यबभाईंनी कपाळावर हात मारला. "बाई, माफ करा. मानोऱ्याकडच्या तांड्याचा पोरगा आला होता, सेवालाल. ऊसतोडीले निघायच्या घाईत होता. त्याले कुंपनाले एक साडी कमी पडून राह्यली होती. पांढरी कोनी घेत नाही, पन तो म्हने काईबी द्या. देऊन टाकली."

मी स्टुलावर बसले. अख्तरीभाभीने चहा सांगितला. तय्यबभाई समजूत घालावी म्हणून आपल्या धंद्याचं सांगायला लागले.

"आधी मी फक्त गोधड्यायचं कापड विकत होतो. दोन वर्सांपूर्वी तुमच्याच बाजूच्या एका गावात कोन्या बाईनं शेताले साड्या बांधल्या. लोक हसले. मग तिचा हरभरा वाचला अन् शेजाऱ्याचा गेला, मग शेजाऱ्यानं बांधल्या. मग सगळ्या गावानं. रोही तिथून सरकले तं दुसऱ्या गावात गेले, तिथून गिऱ्हाईक आलं. रोही जिकडे जाते, चार दिवसांनी तिकूनच माझं गिऱ्हाईक येते. आता माल पुरत नाही म्हून मानसं गावोगाव फिरवतो, माळ्यावरच्या साड्या काढून आनतो. ते पहिली बाई कोन होती, मले माहीत नाही. अल्ला तिचं भलं करो, तिच्यामुळं माझ्या घरावर स्लॅब पडला."

मी चहाचा कप खाली ठेवला. ती बाई मी होते.

दोन वर्षांपूर्वी रोह्यांनी आमचा हरभरा अर्धा खाल्ला होता. मी रागाच्या भरात पेटारा उपसला आणि अकरा साड्या काढून बरडाकडच्या बांधाला बांधल्या. लोक खरंच हसले होते. मी हसणाऱ्यांना जे बोलायचं ते बोलले होते. त्यानंतर काय काय झालं ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. आता ते फिरत फिरत येऊन माझ्याच माळ्यावर चढलं होतं.

मंगरूळपीरहून मानोऱ्याच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. लग्नघरात चार रात्री नीट झोप नव्हती, त्यात काचेतून ऊन मांडीवर आलेलं. डोळा लागत होता, उघडत होता. मध्येच मनात येई, सुरतेच्या या साड्या विटत नाहीत, कुजत नाहीत, बाया आता गाऊनवर दिवस काढतात, म्हणून घरोघरी माळे भरले. आत्या सांगतात, बरडावर पूर्वी लांडगे होते. लांडगे गेले म्हणून रोही वाढले. लांडगे का गेले, तर मेंढ्या यायच्या बंद झाल्या. मेंढ्या का बंद झाल्या, तर गायरानावर सोयाबीन आलं. सोयाबीन कोणी आणलं, तर आम्हीच. कुठूनही सुरुवात केली तरी गाडी आमच्या अंगणात येऊन थांबायची. मग खरंच झोप लागली आणि झोपेत रुखमाबाई पुढे चालताना दिसल्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, फोटोही नाही. पाठमोऱ्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, आणि त्यांच्या मागे शांतपणे रोह्यांचा कळप चालला होता. मी हाक मारली तर त्या म्हणाल्या, चाल लवकर, नागपूर लांब आहे.

कंडक्टरने उठवलं तेव्हा मानोरा आलं होतं. तिथून तांड्याची जीप. जीपवाला धनसिंग नावाचा भला माणूस होता. तो म्हणाला, सेवालाल तर बायकोला घेऊन कारखान्यावर गेला, आता होळीलाच येतो. घरी फक्त त्याची आई आहे, गमलीबाई, ती शेतात सापडेल. त्याने मला शेताच्या तोंडाशी सोडलं. दुपार कलत होती. वाट चढत होती आणि तुरीच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या.

लुगडं मला लांबूनच दिसलं. रंगीबेरंगी कुंपणाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, दोन बांबूंच्या मध्ये, पांढरं. वाऱ्याने फुगत होतं, बसत होतं, पुन्हा फुगत होतं. मी पळत सुटले. पंचेचाळीस वर्षांची बाई, पायात नवीन चप्पल, तुरीतून पळत. जवळ जाऊन त्यात तोंड खुपसलं. धूळ, दव आणि त्याच्याखाली थोडासा तोच पेटीचा वास. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"कोन हाये वं?" मागून आवाज आला.

साठीची एक बाई विळा घेऊन उभी होती. हातभर बांगड्या, अंगात आरशांची चोळी. मी डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. फाटकं गाठोडं, तय्यबभाई, रविवारचं लग्न, टाके.  गमलीबाईंनी लुगड्याचा कोपरा उचलून माझ्यासमोर धरला.

"हे काट्यात अडकून फाटलं होतं. फाटकं वाऱ्यावर आनखी फाटते. शिवाले घेतलं तं कोपऱ्यात तीन टाके दिसले. कोन्यातरी बायायनं मोजून घातलेले. म्हटलं आपनबी तिथूनच सुरू करावं."

तीन निळ्या टाक्यांच्या शेजारी एक लाल टाका होता, जाड आणि घट्ट. तिथून पुढे फाटलेली जागा बारीक लाल शिवणीने बंद केलेली.

"तुमचे लय उपकार," मी म्हटलं आणि गाठ सोडायला हात घातला.

"थांब," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "लुगडं तुहं हाये, मी नाही कुठी म्हनते. पन ऐकून घे. दोन वर्सांपासून रोही याच कोपऱ्यातून येतात. आधी कधी येत नव्हते. दोन वर्स आमच्या घरात हरभऱ्याचा दाना आला नाही, म्हून पोरगा-सून कोयता घेऊन गेले. रंगीत साड्यायले ते आता भेत नाहीत. पन हे पांढरं बांधलं, याले दवाखान्यावानी वास येते, त्या दिवसापासून एक जनावर आलं नाही. आता तू हे काढून नेशीन. उद्या सकाळी ते इथं उभे राहतीन."

मी गाठीवरचा हात काढला.

"मग ते गेले कुठी?" मी विचारलं, खरं तर मला ते विचारायचंही नव्हतं.

"ये, दाखवते," त्या म्हणाल्या.

त्या मला शेताच्या वर, बरडाच्या माथ्यावर घेऊन गेल्या. खडकावर उभं राहून मी खाली पाहिलं आणि क्षणभर काही कळलंच नाही. खाली एक नाला चमकत होता. नाल्याच्या अलीकडच्या काठी हरभऱ्याचं शेत, शेतापलीकडे घरं, आणि एका घरावर निळा नवीन पत्रा. तो पत्रा आमचा होता. अंगणात मंडपाचे बांबू उतरवत होते. मी सकाळपासून मंगरूळ, मानोरा, तांडा असा चाळीस-पन्नास किलोमीटरचा फेरा घालून माझ्या स्वतःच्या घराच्या पाठीशी येऊन उभी होते.

गमलीबाईंनी बोट दाखवलं. माथ्यावरून एक पुसट पायवाट उतरत होती, पळसाच्या झाडापाशी वळून सरळ नाल्याकडे. "ही रोह्यायची जुनी वाट. पान्यावर जायची. आमीबी याच वाटेनं लहानपनी तुमच्या गावच्या बाजाराले येत होतो. दोन वर्सांपूर्वी कोन्या बाईनं खाली आडव्या साड्या बांधल्या. वाट बंद झाली. मग ते पान्यासाठी माह्या शेतातून फिरून जाऊ लागले. आता हे पांढरं आडवं आलं, तं पुन्हा त्या बाईच्या शेतात जागा भेटन तिथून घुसून राह्यले."

पायवाट जिथे आमच्या बांधाला भिडत होती तिथे माझ्या अकरा साड्या उन्हात झळकत होत्या. महिनाभर आमचा हरभरा कुठून कुठून तुडवला जात होता आणि मी शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. रोही कोणाचं वाईट करायला येत नव्हते. त्यांना पाण्यावर जायचं होतं.

"ते बाई मीच हाये," मी म्हटलं.

गमलीबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. आता ही शिव्या देईल असं मला वाटलं, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या खडकावर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं.  ऊन पिवळं होत गेलं. मंडपाचा एक बांबू उभा राहिला, मग दुसरा.

लुगडं नेलं असतं तर माझं दोन्हीकडून भलं होतं. पोरीला लुगडं मिळालं असतं आणि रोही पुन्हा या बाईच्या शेतात गेले असते, माझा हरभरा सुटला असता. हे मला एका दमात समजलं आणि समजल्याची लाज वाटली.

"मी माह्या कुंपनात वाट सोडते," मी म्हटलं. "जुनी होती तेवढी. चार ओळी हरभरा जाईन, जाऊ द्या."

"लग्नघर हाये. घरी जाशीन अन् विसरशीन."

"मग लुगडं राहू द्या इथंच. तुमाले इथून माहं शेत दिसते. वाट दिसली, रोही तिकून गेले, तं लुगडं द्या. नाही गेले तं नका देऊ."

 बोलून गेले ते गेले. गमलीबाईंनी मान हलवली, हो म्हणून की पाहू म्हणून, ते कळलं नाही. मी त्याच पायवाटेने खाली उतरले. दिवस बुडायच्या आत घरी पोचले आणि हात रिकामे होते.

शुक्रवारी सकाळी मी बांधावर गेले आणि साड्या सोडायला लागले. दोन वर्षांच्या गाठी, दातांनी ओढाव्या लागल्या. विनोद धावत आले.

"डोकं फिरलं का तुहं? महिनाभर रोही तुडवून राह्यले अन् तू दरवाजा उघडतं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. गाठोडं मी बांधलं आणि सांगायला विसरले, हेही सांगितलं, कारण ते राहूनच गेलं होतं. त्यांनी एकदा पिकाकडे पाहिलं. मग खाली बसून दुसऱ्या टोकाची गाठ सोडायला लागले. वाटेच्या दोन्ही बाजूंनी आम्ही त्याच साड्या उभ्या बांधत नाल्यापर्यंत नेल्या, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा ठेवून. रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी विचारलं, मॅडम, रोह्यांसाठी मंडप घातला का. मी म्हटलं, हो, तुम्हीबी या.

शनिवारी पहाटे आम्ही दोघं पळसामागे उभे राहिलो. धुकं गुडघ्यापर्यंत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग बरडावरून मुरूम घसरल्याचा आवाज आला आणि धुक्यातून एक मोठा निळसर नर बाहेर आला. तो साड्यांच्या तोंडाशी थांबला, नाक वर केलं. विनोदच्या हातात काठी होती, ती त्यांनी हळूच जमिनीला टेकवली. नर आत शिरला. त्याच्यामागे माद्या, पिल्लं, एकामागे एक, दोन्हीकडे हलणाऱ्या गुलाबी आणि पोपटी पदरांमधून, अगदी सावकाश. एका पिल्लाने मान बाहेर काढून हरभऱ्याचे दोन घास घेतले. आईने पुढे ढकललं तसं तेही गेलं. खाली नाल्यावर पाण्याचा आवाज झाला. मला वाटलं मी अजून त्या एसटीतच झोपलेली आहे.

मी वर पाहिलं. माथ्यावर धुक्याशिवाय काही नव्हतं.

शनिवारचा सगळा दिवस मी मागच्या दाराकडे पाहत काढला. कोणी आलं नाही. दुपारी पौर्णिमाने एक पांढरी साडी आणून कॉटवर ठेवली, मैत्रिणीने दिली म्हणाली. "असू दे आई, वेळेवर लागली तं," एवढंच बोलली आणि मेंदीवाल्या पोरीकडे गेली. तिला बापाने सांगितलं असणार. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी आत्यांजवळ जाऊन बसले.  शेवटी सांगितलं. सगळं, पहिल्या अकरा साड्यांपासून. 

आत्या म्हणाल्या, "मले बुधवारीच माहीत झालं. तू पेटी उघडली अन् घरात वास नाही आला."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू सांगते का नाही ते पाहत होती." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यांचा उसासा मला ऐकू आला. तो मी जन्मात विसरायची नाही.

रविवारी उजाडलं. पोरीला आंघोळ घातली. रिसोडहून वऱ्हाड निघाल्याचा फोन आला. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या मांडल्या, निळ्या-पांढऱ्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. पौर्णिमा आतल्या खोलीत मैत्रिणीची साडी हातात घेऊन उभी होती आणि घडी उघडत नव्हती. मी म्हटलं, "नेस बाळा, उशीर होते." ती हो म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात अंगणातली कुत्री बरडाच्या बाजूला तोंड करून भुंकली. मी मागच्या दारात गेले. साड्यांच्या मधल्या वाटेने, जिथून रोही उतरले होते तिथूनच, आरशांची चोळी चमकत येत होती. डोक्यावर एक पांढरी घडी होती.

"दोन सकाळी पाह्यलं," गमलीबाई दारात येऊन म्हणाल्या. "कालबी तिकूनच गेले अन् आजबी. मग धुतलं. निळीत बुडवून वाळत घातलं, त्यात उशीर झाला. चपला इथंच काढू का?"

 मी घडी घेतली आणि सरळ आत्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलगडली नाही. काठावरून बोट फिरवत फिरवत त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. पौर्णिमा सुई-दोरा घेऊन शेजारी येऊन बसली. खोलीत बाया दाटल्या होत्या.

आत्यांचं बोट टाक्यांवर आलं. "हा सासूबाईचा. हा माहा. हा रत्नाचा." मग बोट थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा मागे आलं. "हा चौथा कोनाचा?"

 मी गमलीबाईंकडे पाहिलं. त्या दाराच्या चौकटीशी अंग चोरून उभ्या होत्या.

"माहा हाये बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मले माहीत नव्हतं. म्हनान तं उसवून देते."

आत्यांनी आवाजाच्या दिशेने हात लांब केला. गमलीबाई जवळ आल्या तसा त्यांचा हात मनगटावर पडला, बांगड्यांवरून वर गेला, चोळीच्या आरशांवर थांबला.

"उसवायचा नसते," आत्या म्हणाल्या. "बस इथं, माह्याजवळ. पौर्णिमा, घाल वं तुहा पाचवा."